डागांवर नजर ठेवणारे शिंपीकाका

देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या शिंपीकाकांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या म्हैसुरात दुसरा नसेल. मशीनवर बसले तरी एक पाय पॅडलवर आणि दुसरा चपलेत. गिऱ्हाइकाचं माप घेताना त्यांची नजर टेपवर कमी आणि चेहऱ्यावर जास्त, कारण काकांना डाग दिसतात. कपड्यावरचे दिसणारच, तो धंदाच आहे. पण त्यांना माणसांवरचे दिसतात, आणि एकदा दिसले की सांगितल्याशिवाय राहवत नाही. लग्नाचा ब्लाउज शिवायला आलेल्या एका मुलीला गळा किती खोल हे विचारायच्या आधीच ते सांगून मोकळे झाले, की मुरुमांचे काळे डाग हळूहळू आपले आपण फिके होतात, फक्त मुरूम फोडायचं थांबव. मुलीची आई कापड उचलून तरातरा निघाली. काकांना त्याचं काहीच नाही. ते पायरीपर्यंत मागे गेले आणि उन्हात छत्री घ्यायलाही सांगून आले. एका निवृत्त मास्तरांच्या हातांवरचे तपकिरी ठिपके त्यांनी उन्हाचे ठरवले. लेसरने जातात म्हणाले, पण आधी डॉक्टरांना दाखवा, प्रत्येक ठिपका उन्हाचाच असतो असं नाही. मास्तर पँट आखूड करायला आले होते.

मी नाशिकहून नोकरीसाठी इथे आलो तेव्हा त्यांच्याकडे शर्ट शिवायला टाकला. टेप मानेभोवती आली आणि तिथेच थांबली. मानेमागची कातडी काळी, जाडसर झाली होती, आणि मी ती मळ समजून रोज घासत होतो. काकांनी टेप गुंडाळून खिशात टाकली.

"मळ नव्हे ओ तो. सुम्मने, उगाच घासू नका. आधी शुगर बघून या, कॉलर मग शिवतो."

रिपोर्ट काठावर आला. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. शर्ट मिळाला तो तीन महिन्यांनी, एक इंच कमी मापाचा.

हे शहाणपण काकांना घरातच मिळालं, आणि महागात मिळालं. काकूंच्या दोन्ही गालांवर वांग आला होता. कुणीतरी एक ट्यूब सुचवली. आता शिंपी माणूस अनोळखी औषध कापडाच्या दर्शनी बाजूला कधी लावणार नाही; आधी आतल्या दुमडीवर थेंब टाकून बघणार, रंग उतरला नाही तर पुढे जाणार. काकांनी तसंच काकूंच्या कानामागे थोडं लावून एक दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. मग ती ट्यूब महिनोन्‌महिने चालली. त्यात स्टेरॉइड होतं. आधी चेहरा उजळला, मग कातडी पातळ होऊन लाल पडली, आणि ट्यूब थांबवल्यावर वांग पहिल्यापेक्षा काळा होऊन परतला. कापड दिवसात बोलतं, कातडी महिन्यांनी. काज-बटणाला दुकानात बसणाऱ्या काकू त्यानंतर यायच्याच बंद झाल्या.

आता त्वचेच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, आणि दर दोन-तीन तासांनी सनस्क्रीन. त्यामुळे काका अर्ध्या कापडात कात्री ठेवून घरी पळतात. वांग सावकाश फिका होतो, उन्हाने पुन्हा गडद होतो, पूर्ण जाईलच असं नाही, हे डॉक्टर दर वेळी सांगतात. पण ऐकायला काका खुर्चीत टिकतील तर ना.

गेल्या महिन्यात मी शिवायला टाकलेला दुसरा शर्ट आणायला गेलो तर काकू दुकानात होत्या, पार आतल्या स्टुलावर, बटणं लावत. मला फार बरं वाटलं. काकांनी त्यांचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि मला विचारलं, "कमी आहे, अल्वा? हो ना?" मी हो म्हणालो. तेवढ्यात त्यांना सनस्क्रीनची ट्यूब घरी राहिल्याचं आठवलं आणि ते धावले.

काकूंनी दातांनी दोरा तोडला. "मला तो डाग आता दिसतसुद्धा नाही ओ," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं म्हणून किती सांगितलं. पण मी नाही लावलं, तर ह्यांना जेवण जात नाही."

काका धापा टाकत परत आले. काकूंनी सुई खाली ठेवली आणि मुकाट्याने चेहरा पुढे केला. काका इतक्या हलक्या हाताने लावत होते, की मला तिथे उभं राहवेना. शर्ट न घेताच मी पायऱ्या उतरलो.