कड्यावरून मागे फिरलेलं हेलिकॉप्टर

बेर्शेबाहून निघालेली बस दीड तासाने मित्स्पे रामोनला पोचली, तेव्हा समोर काहीच नव्हतं.

"अगो, इथेच मख्तेश (प्रचंड खोल दरी) आहे," सोफी म्हणाली. "अराफेल (धुकं) पडलाय, म्हणून दिसत नाय."

सोफी माझी ठाण्याच्या शाळेतली मैत्रीण. तीस वर्षांपूर्वी ती इकडे आली, आणि तिचं मराठी त्याच दिवसावर थांबलं; वर त्यात हिब्रू शब्द मिसळले. "एवढ्या लांबून धुकं बघायला बोलावलंस होय गं?" मी म्हटलं.

घरी नारळाच्या रसातलं बिरडं होतं. सोफीचा मुलगा आवी लष्करी हेलिकॉप्टरचा पायलट. तो ड्यूटीवर, म्हणून जेवायला सोफी, तिचा नवरा आणि मी, तिघंच. सॉलोमनभाऊजींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि एकदम छातीवर हात दाबला. अंग घामाने निथळत होतं. दवाखान्यातला डॉक्टर धावत आला. हार्ट अ‍ॅटॅक आहे, बेर्शेबाच्या हॉस्पिटलात ताबडतोब न्यायला हवं, म्हणाला, आणि त्याने लष्कराचं हेलिकॉप्टर मागवलं.

आवाज जवळ आला, डोक्यावर घुमला, आणि दूर जात विरला. डॉक्टर म्हणाला, धुक्यामुळे परत गेलं.

"अरे, इथे माणूस मरतोय!" मी ओरडले. "भेकड मेला!"

शेवटी अ‍ॅम्ब्युलन्सने रस्त्याने नेलं. सोफीने वाटभर नवऱ्याचा हात सोडला नाही. देवाची कृपा, भाऊजी वाचले.

संध्याकाळी आवी वर्दीतच हॉस्पिटलात आला. ते हेलिकॉप्टर त्याचंच होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हिब्रूत बोलत होता, सोफी मला सांगत होती. पेशंट कोण, किती सीरियस, हे पायलटला कळवत नाहीत. त्याने फक्त हवा बघायची. ठरलेल्या उंचीवर जमीन दिसली नाही, तर मागे फिरायचं. तिथे कडा आहे. पंखा घासला तर तो आणि सोबतचे चौघे, आतले सगळेच गेले.

"आणि बाबा हाय म्हणून सांगितलं असतं तर?" सोफीने विचारलं.

आवीने वडिलांकडे पाहिलं. "उतरलो असतो, इमा (आई)," तो मराठीत म्हणाला. "म्हणून तर सांगत नाय."

परतीच्या दिवशी तोच मला विमानतळावर सोडायला आला. राहवेना, म्हणून सांगून टाकलं, "त्या दिवशी मी तुला भेकड म्हटलं रे."

"मीपण बोललो मला," आवी म्हणाला. "बेसवर जाईपर्यंत."

घरी येऊन महिना झाला. पोराने सोबतच्या चौघांना सुखरूप परत नेलं, आणि त्याच वाटेवर तो स्वतःला भेकड म्हणत होता. याचं मला अजून फार वाईट वाटतं.