मंद्रूपचं रान आणि सात टाके

या जानेवारीत आमच्या घरी भांडण झालं ते एका अमेरिकन मालिकेवरून. शहर सोडून डोंगरात लाकडी घर बांधणाऱ्या कुटुंबाची जुनी मालिका, हिंदीत डब केलेली. माझा नवरा महेश आणि अकरा वर्षांची मुलगी गौरी रोज जेवताना ती बघतात. बघता बघता महेशच्या मनानं घेतलं की आपणही भवानी पेठेतलं घर विकून रानात जमीन घ्यावी. मी कपडे शिवते, गिऱ्हाइकं सगळी पेठेतली. म्हटलं, "आधी दोन दिवस राहून दाखव. मग बोलू."

महेशच्या मित्राचं मंद्रूपजवळ शेत आहे. तूर निघाली होती आणि खतासाठी तिथं मेंढ्या बसवल्या होत्या. मेंढपाळ बिरूदादा आणि हिराबाई या नवरा-बायकोला फोनवर विचारून शनिवारी सकाळी दोन स्कूटरींवर निघालो. विजापूर रस्ता चांगला आहे, पाऊण तास पुरतो. गाव सोडल्यावर मात्र मातीची वाट, हाडं खिळखिळी करणारी. तुम्ही जाणार असाल तर पिण्याचं पाणी, जाड पांघरूण आणि बंद बूट न्या. पैसे देऊ नका, हिराबाई रागावतात. आम्ही मंद्रूपात साखर, चहापूड आणि वांगी घेतली, ती चालली.

रानात ताडपत्रीचं पाल, एक घोडी, तीन कुत्री आणि दीडशे मेंढ्या. दुपारी भाकरी, शेंगाची चटणी आणि हुलग्याचं माडगं, म्हणजे पातळ गरम कढण. गौरी दोन वाट्या प्यायली. घरी ती आमटीतली मोहरीसुद्धा बाजूला काढते.

महेश खुशीत होता. "मोकळं आयुष्य आहे की हो तुमचं!"

हिराबाई भाकरी थापत म्हणाल्या, "मोकळं? दाजी, परवा वारं सुटलं तवा सकाळपतुर ताडपत्री धरून बसलो आमी. पोरगी अकलूजला वसतिगृहात ठिवलीया. तिला मेंढरांमागं न्हाय आणायची."



दिवस मावळायच्या सुमाराला बिरूदादा दळण आणायला गावात गेले होते. अचानक कुत्री भुंकत बांधाकडे सुटली. लांडगा! तोंडात कोकरू धरून तो पळत होता. हिराबाई काठी घेऊन, शिव्या देत, अनवाणी धावल्या. महेशही धावला, पण तुरीच्या खुंटात पाय अडकून आडवा झाला. सँडल घातल्या होत्या, घोट्याजवळ फाटलं. कुत्र्यांनी गाठल्यावर लांडग्यानं कोकरू टाकलं आणि निघून गेला.

कोकराच्या मांडीची कातडी लोंबत होती. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते, सकाळीच येणार होते. हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुमी शिवता न्हवं?"

"मी ब्लाऊज शिवते हो!"

"कातडंच हाय की. मी धरते."

पर्समध्ये सुई-दोरा कायम असतो. तो उकळून घेतला, जखम धुतली. गौरीनं मोबाइलचा उजेड धरला आणि जराही हलू दिला नाही.  पहिल्या टाक्यानंतर फक्त कडा दिसत होत्या, एकीला एक जुळवायच्या. सात टाके झाले. हिराबाईंनी हळद दाबली आणि कोकरू आईजवळ सोडलं. त्यानं लगेच आचळ धरलं. मग मी पालामागं जाऊन रडले.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी कोकराला इंजेक्शन दिलं. महेशनंही धनुर्वाताचं घेतलं, मंद्रूपच्या दवाखान्यात. दुपारी घरी आलो तेव्हा त्याच्या पायाला पट्टी होती आणि जमिनीचा विषय त्यानं काढला नाही.

आठ दिवसांनी हिराबाईंचा फोन आला. "कोकरू गेलं, ताई. ताप चढला. पर टाका एकबी उसवला न्हाय बगा."

गौरी जेवलीच नाही. मी दिवसभर मशीनवर बसले, पण हात चालेना. रानातल्या त्या अर्ध्या तासाइतकं नेमकं काम मी आयुष्यात केलेलं नाही आणि ते पुरलं नाही.

फोन ठेवण्याआधी महेशनं तो माझ्याकडून घेऊन विचारलं होतं, पुन्हा येऊ का रानात? हिराबाई म्हणाल्या, "रानात काय बगायचंय? पावसाळ्यात आमी सांगोल्याकडं घरी असतो, तवा या की. पक्कं घर हाय. औंदा फरशी बसवलीया, लई गुळगुळीत. तुमी या, मग दावते."

आम्ही जाणार आहोत.