सासूबाईंचं वाचनाचं वर्ष

माझ्या सासूबाई, बायजाबाई, चौथीपर्यंत शिकलेल्या. पण आमच्या दिघोरीच्या बुद्धविहारात त्या वाचायला बसल्या की भले भले गप्प व्हायचे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्याकडे रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ वाचतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, पाळीपाळीनं. सासूबाईंची पाळी आली की अडखळणं नाही, थांबणं नाही, नुसती धडाधड गाडी.

गेल्या वर्षी मी नेमकी त्यांच्या शेजारी होते. दमट हवेनं ग्रंथाची दोन पानं चिकटली होती. त्यांनी ती एकदम उलटली, आणि तरी मधल्या पानांवरचा मजकूर घडाघडा म्हणत राहिल्या! इतके पावसाळे तोच ग्रंथ ऐकून सगळं तोंडपाठ झालेलं. घरी आल्यावर माझ्या जिभेला काही धरबंध राहिला नाही. म्हटलं, "आई, डोळे एका पानावर अन् तोंड दुसऱ्याच पानावर होतं तुमचं."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे मले वाचता येत नाही म्हन ना."

मला फार वाईट वाटलं, पण त्या रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. सकाळी फर्मान निघालं: पुढच्या वर्षावासाच्या आत, कोणी कधी वाचून न दाखवलेलं अख्खं पुस्तक त्या स्वतः वाचणार. माझ्या नवऱ्यानं, अंकुशनं, लाखांदूरहून हाताला लागलं ते आणलं. निघाली जाडजूड खुनाची कादंबरी.

पहिल्या पानालाच आठवडा गेला. जोडाक्षर आलं की त्या लेखकाचा उद्धार करायच्या. पण एकदा का पोलीस वाड्यावर पोचले, मग काय विचारता! भात करपला, शेळी दारातला कढीपत्ता खाऊन गेली, बाईंना पत्ता नाही. धान कापताना बायकांना गोष्ट सांगायच्या आणि ऐन मोक्याला थांबायच्या, कारण पुढचं त्यांनीच वाचलेलं नसायचं. बायका चिडायच्या, "जा बाई घरी, वाचून ये पहिले." उन्हाळ्यात पुस्तक संपलं तेव्हा त्या अंगणातूनच ओरडल्या, "मेहुण्यानं मारलं! मले त्याच्यावर शक होताच." मग दुसरं पुस्तक, मग तिसरं. मलाही चटक लागली. पोळ्या लाटताना मीच विचारायची, पुढं काय झालं.

यंदा विहाराचं काम पाहणाऱ्या अश्वजितनं नवाच ग्रंथ आणला. आमच्या विहारात तो कधी वाचलेला नव्हता. सासूबाईंची पाळी आली तशी मी सरकून त्यांच्या शेजारी बसले. पाठांतर आज कामाचं नव्हतं, आणि सगळं गाव समोर बसलेलं.

त्या वाचू लागल्या. हळू. एका शब्दावर थांबल्या, मागं गेल्या, पुन्हा जोडून म्हणाल्या. लोकांची चुळबुळ सुरू झाली. मी मात्र पानावर डोळे लावून बसले होते, आणि पानावर होतं तेच, अगदी तेच, त्यांच्या तोंडून निघत होतं. मला इतका आनंद झाला की शेजारणीचा हात मी करकचून दाबला.

मागून आमचे शेजारी गुलाबराव कळवळून म्हणाले, "बाई, मागच्या साली किती मस्त वाचलं होतं तुम्ही. औंदा काय झालं?"

सासूबाईंनी चष्मा वर केला.

"मागच्या साली कोन वाचलं, भाऊ? ते तं पाठ म्हटलं होतं. खरं तं मी आता वाचून राहिली. चूप बसा, मले पुढं काय आहे ते पाहू द्या."