कमरेला बांधलेले मित्र

आडगाव नाक्यावरच्या आमच्या इंग्रजी क्लासचे सर करून दाखवल्याशिवाय काही शिकवतच नाहीत. परवा म्हणाले, "जिवलग मित्रांना इंग्रजीत 'कमरेला जोडलेले' म्हणतात. या इकडे!" आणि सुतळीने त्यांनी स्वतःची कंबर माझ्या कमरेला करकचून बांधली.

"कळलं?"

"कळलं, सर. सोडा आता."

पण सरांनी तशाच अवस्थेत फळा पुसला, हजेरी घेतली, क्लासला कुलूप लावलं आणि मला घेऊन जिना उतरून ते टपरीवर आले. चहावाला बघतच राहिला.

"सर, आज दोन?"

"दोन!" सर केवढ्या ऐटीत म्हणाले.

मी द्राक्षबागेतून थेट क्लासला येतो. घड काढायची कात्री खिशातच असते. चहा संपेपर्यंत मी ती काही बाहेर काढली नाही.