कोंडाजी क्लॅरोनेटवाल्याची रेकॉर्ड

लोणावळ्याला रेल्वेच्या स्टोअरमध्ये मी कारकून होतो आणि कोंडाजी खलाशी. नटबोल्टांच्या पेट्या उचलायच्या, तेलाची पिंपं लोटायची, साहेब आला की दार उघडून उभं राहायचं, हे त्याचं काम. अंगानं बुटका, गालफडं बसलेली, बोलणं अगदी बेताचं. पण लग्नसराई सुरू झाली की हाच माणूस दर चार दिवसांनी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा.

"भाऊसाहेब, रजेचा अर्ज ल्ह्या."

"कारण काय लिहू?"

"घरगुती."

तो बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो हे सगळ्या मावळाला ठाऊक होतं. रेल्वेच्या कागदाला ठाऊक होऊन चालणार नव्हतं, एवढंच.

तो मूळचा आंबीचा. बाप सनई वाजवायचा. लोणावळ्याला नोकरी लागल्यावर कोंडाजीनं बापाची फुंक आणि बापाची बोटं क्लॅरोनेटवर आणली. बँडमध्ये बारा माणसं होती, पण लग्न ठरवायला येणारा पाव्हणा आधी विचारायचा, "कोंडाजी येनार का?" त्याच्या शेजारी ड्रम वाजवायचा तो हौशीराम. दोघं एकाच चाळीत राहायचे. पंधरा वर्षं एकमेकांच्या शेजारी चालत त्यांनी मावळातली गावं पालथी घातली होती.

वाजवायला लागला की कोंडाजी सिनेमातल्या गाण्याच्या दोन ओळी सरळ वाजवायचा. मग समोरच्या गर्दीत कुणाकडे तरी बघायचा. एकच माणूस धरायचा. आणि तिथून गाणं सोडून भलतीकडेच निघायचा. हौशीराम हात हलका करून त्याच्यामागून जायचा. बाकीचा बँड गप्प उभा.

अठ्ठावन्न साली सोमाटण्याला माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. तिची आई, म्हणजे माझी झुंबरकाकू. काकूचा थोरला मुलगा तीन महिन्यांपूर्वी हमरस्त्यावर ट्रकखाली गेला होता. त्या दिवसापासून काकू रडली नव्हती. स्वयंपाक करायची, गुरांना वैरण घालायची, पण डोळे कोरडे. घरातल्यांना त्याचीच भीती वाटत होती. पाठवणीच्या वेळी मुलगी गळ्यात पडली तरी ती तशीच ताठ. कोंडाजीनं तिच्याकडे बघितलं आणि चालू गाणं मधेच टाकलं. खालच्या सुरात एकच लहानशी हाक वाजवली, बांधावरून कुणी लांबच्या माणसाला बोलवावं तशी. पुन्हा तीच हाक, जरा वरून. तिसऱ्यांदा वाजवली तेव्हा काकू मांडवात खाली बसली आणि मुलाचं नाव घेऊन मोठ्यानं रडली.

नंतर जेवणाच्या पंगतीत कोंडाजी माझ्याजवळ आला. "चुकलो का वो मी? लगीनघरात रडवलं."

मी सरकून त्याला पंगतीत शेजारी जागा केली.

चौसष्ट साली मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब हवापालट करायला लोणावळ्यात येऊन राहिले होते. त्यांच्या बंगल्यावरून कोंडाजीच्या बँडची एक वरात गेली. साहेब पायजम्यावरच बाहेर आले आणि वरातीमागून बाजारपेठेपर्यंत चालत गेले. महिन्याभरात कोंडाजीला पत्र आलं. तो हौशीरामला घेऊन मुंबईला गेला. मी अर्जावर दोन दिवसांची रजा लिहिली, कारण घरगुती.

रेकॉर्ड आली तेव्हा दसरा होऊन गेला होता. स्टोअरमधल्या एकानं घरचा ग्रामोफोन आणला. दुपारच्या सुट्टीत आम्ही पंधरावीस जण पेट्यांवर बसलो. कोंडाजीनं धुतलेला सदरा घातला होता. लेबलवर त्याचं नाव छापलेलं होतं, ते सगळ्यांनी हात लावून बघितलं.

पहिल्या बाजूला एक सिनेमाचं गाणं. सूर नीट, ताल नीट. दुसऱ्या बाजूला पाठवणीची धून. तीही तशीच, चापूनचोपून बसवलेली. मी वाट बघत होतो की आता तो गाणं सोडेल, आता निघेल. निघाला नाही. सुई शेवटच्या रेघेत येऊन खरखरायला लागली, तरी कुणी ती उचलेना. अखेर स्टोअरकीपर म्हणाला, "छान आहे. स्वच्छ आहे अगदी."

कोंडाजी खाली बघून म्हणाला, "कंपनीनं लय घाई केली. वाजवू दिलं न्हाई मनासारखं."

आम्हाला ते लगेच पटलं. मुंबईची कंपनी, घड्याळ लावून बसलेली माणसं. गरिबाला कोण मनासारखं वाजवू देतंय! पुढं वर्षभर कोंडाजी हेच सांगत होता आणि आम्हीही त्याच्या वतीनं दुसऱ्यांना हेच सांगत होतो.

एका रविवारी बाजारातल्या हॉटेलात कोंडाजी, हौशीराम आणि मी चहा पीत होतो. समोर कामशेतची दोन माणसं. कोंडाजीनं कंपनीची गोष्ट काढली. हौशीरामनं कप खाली ठेवला.

"कोंडाजी, बास कर आता."

"काय बास?"

"साहेब काय म्हनला तितं? म्हनला, एक बाजू आमच्या मनासारखी झाली, आता दुसरी तुजी. काय वाजवायचं ते वाजव, आमी मदी बोलनार न्हाई. म्हनला का न्हाई?"

कोंडाजीनं बशी पुढं ओढली.

"सकाळपास्नं दुपारपत्तुर थांबली ती मानसं. पाच डाव वाजवलंस. दर डावाला तेच. साहेब हात जोडून म्हनला, त्या दिशी रस्त्यात वाजवलंत ते वाजवा. तुला आलं न्हाई. आलं न्हाई तर न्हाई आलं, त्यात काय? पर त्या मानसाला कशापायी खोटं पाडतोस?"

कामशेतची माणसं हसली नाहीत, पण त्यांनी माना वळवल्या. कोंडाजी उठला आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. दोघांचं बोलणं तिथून तुटलं. महिन्याभरात हौशीरामनं चाळीतली खोली सोडली आणि तळेगावच्या बँडमध्ये गेला.

काही दिवसांनी स्टोअरमध्ये आम्ही दोघंच असताना कोंडाजी आपणहून म्हणाला, "हौशा बोलला ते खरं हाय."

"काय झालं होतं रे?"

"खोलीला चारी बाजूंनी जाड पडदं लावल्यालं. समोर काच. काचंच्या पलीकडं अंधार, म्हनून मानसं दिसंनात. बघू कुनाकडं? नंदाचं तोंड आठवून बघितलं, पोरीचं आठवून बघितलं. न्हाई आलं." नंदा म्हणजे त्याची बायको. मग तो पिंपाच्या झाकणावर बोट फिरवायला लागला. "भाऊसाहेब, एक इचारू? मी आदी तरी चांगलं वाजवत हुतो का? का लगनात लोक रडायलाच आल्यालं असत्यात, आन् मला वाटायचं माज्यामुळं रडली?"

मी म्हणालो, "वेडा आहेस का?" याच्यापेक्षा बरं काहीतरी मला सुचायला हवं होतं. मी रजिस्टर पुढं ओढलं.

पुढच्या पाचसहा वर्षांत लाऊडस्पीकर गावोगाव झाले. मांडवात बँड असो नसो, कर्णा असायचाच. पाठवणीची म्हणून कोंडाजीची रेकॉर्ड मावळात सगळीकडे वाजू लागली. खपली म्हणावी तर खपलीच. लोक त्यालाही सांगायचे, "रेकॉर्डमदल्यावानी वाजव." एखादी ओळ सोडून तो बाजूला गेला की बायका कुजबुजायच्या, चुकला म्हणून. त्याच्या वाजवण्यातली ती बाजूची वाट हळूहळू बंद झाली. गर्दीकडे बघायचंही त्यानं सोडलं. डोळे मिटून वाजवायचा.

एकाहत्तर साली त्याच्या मुलीचं, कमळचं लग्न झालं. मुलगा सुदुंबऱ्याचा, स्वभावानं सरळ. मांडव लोणावळ्यातच, चाळीसमोर. सगळं नीट पार पडलं. पाठवणीची वेळ झाली. वऱ्हाडाची बस रस्त्यावर उभी होती. लाऊडस्पीकरवाल्यानं कोंडाजीला मान द्यावा म्हणून कुणी न सांगताच त्याची रेकॉर्ड लावली.

कमळ आईच्या गळ्यातून बाजूला झाली आणि बापाजवळ आली. "आबा, ती बंद करायला सांगा. तुमी वाजवा. माज्यासाटी वाजवा."

रेकॉर्ड थांबली. कोंडाजीनं घरातून क्लॅरोनेट आणलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी त्याला डोळे उघडे ठेवून वाजवताना बघितलं. मुलीकडे बघत होता. पहिल्या दोन ओळी झाल्या. तिसरी आली. मला वाटलं, आता.

रेकॉर्डच वाजली. सूर तेच, मुरक्या त्याच. पाचव्या ओळीच्या अलीकडे त्या बंद खोलीत त्याला दम घ्यायला एक क्षण थांबावं लागलं होतं, तेवढा तोसुद्धा थांबला. त्याला ते कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की कळलंय आणि थांबता येत नाहीये. तशीच ती धून शेवटपर्यंत वाजवून त्यानं क्लॅरोनेट खाली केलं. लोकांनी वाहवा केली. कमळ रडली, जशा मुली रडतात तशी. पाया पडली आणि बसमध्ये चढली.

त्यानंतर कोंडाजीनं क्लॅरोनेटला हात लावला नाही. बँडमालक दोनदा येऊन गेला. नंदाबाईनं समजावलं, मग भांडली, मग तिनंही नाद सोडला. लग्नसराईत त्याचा रजेचा अर्ज येईनासा झाला. कुठं कर्णा लागला की तो चाळीत खिडकी लावून बसायचा. खोकला आधीपासून होता, तो छातीत उतरला. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात तो गेला. वय पन्नाशीच्या आतबाहेर.

माती द्यायला हौशीराम तळेगावहून आला होता. नऊ वर्षांनी दोघांची गाठ अशी पडली. परतताना तो माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत चालला. पुलावर थांबून म्हणाला, "त्या दिशी हाटेलात मी गप ऱ्हायला पायजे हुतं. एक मानूस खोटं बोलत हुता, बोलू द्यायचं. कुनाचं काय जात हुतं?" उत्तराची वाट न बघता तो जिना उतरला.

मागच्या वर्षी कामासाठी सुदुंबऱ्याला गेलो होतो, तेव्हा कमळकडे डोकावलो. पदरात दोन मुलं, शेताचं काम, दमलेली दिसली. बापाचा विषय मीच काढला.

ती म्हणाली, "काका, मी ल्हान असताना आबा चाळीत वाजवायचे. मी मांडीवर बसायची, येवढं याद हाय. पर काय वाजवायचे ते किती आठवू गेलं तरी रेकॉर्डच कानात येती. तुमाला आठवतं का? जरा म्हनून दावा ना."

मी गुणगुणायला तोंड उघडलं. रेकॉर्डच्या पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरी आली, तीही रेकॉर्डमधलीच. मी थांबलो.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.