केळीच्या बागेतले माग

सून मोबाइल तोंडासमोर धरून एकटीच बोलायला लागली, तेव्हा मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. मग कळलं की ते काम आहे. केळीच्या खांबापासून धागा कसा काढायचा, याचे ऑनलाइन धडे पुण्याची एक कंपनी तयार करत होती. चित्रं त्यांची, आवाज हिचा. शाळेतली नोकरी सुटल्यानंतर तिला मिळालेलं हे पहिलंच काम.

पहिला धडा परत आला. मागे खटखट ऐकू येते म्हणे. तिने खिडक्या लावल्या, दारावर गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, तेही बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात. घामाघूम होऊन पुन्हा बोलली. तोही परत आला. सोबत निरोप होता, आता शेवटचं एकदा नीट करून पाठवा, नाहीतर आम्ही दुसरा आवाज बघतो.

तिने मला ऐकवलं. मी म्हटलं, "कुठे आहे खटखट? त्यांच्याच कानात मळ असेल."

"मलाही नाही येत ऐकू, आई. म्हणून तर भीती वाटते."

मला काही चैन पडेना. आपल्याला घरात ऐकू न येणारा आवाज पुण्यात कसा पोचतो? मी चौथीपर्यंत शिकले, पण त्यात हे नव्हतं. मोबाइलचं बारकं भोकसुद्धा चष्मा लावून तपासलं.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी तापीकाठी माझ्या भावाच्या मळ्यात गेलो. जेवून केळीच्या बागेत बसलो होतो. मी म्हटलं, "लाव बरं तो धडा."

तिने लावला. तिचा आवाज, आणि त्याच्या मागे खटाखट, खटाखट. आमच्या लोधीपुऱ्याचे माग केळीच्या बागेत चालू!

आमच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना आहे. घरात खरे माग चालू, मोबाइलमधलेही चालू, मग वेगळे कळणार कसे? ही रावेरची पोर लग्न होऊन आली, तेव्हा त्या आवाजाने तिला झोप यायची नाही. कानावर उशी दाबून रडायची. मी म्हणायचे, "होईल सवय. नखरे कमी कर." झाली सवय. इतकी झाली की काम जायची वेळ आली.

"मग इथेच बोल ना," भाऊ म्हणाला. बोलून बघितलं, तर वाऱ्यावर पानांची ही फडफड.

"शुक्रवारी," सून म्हणाली. "दुपारी नमाजाला माग थांबतात."

शुक्रवारी ती आत बसली आणि मी दाराबाहेर खुर्ची टाकली. बांगड्या कोपरापर्यंत सारल्या. भाजीवाला आला, त्याने तोंड उघडायच्या आत मी काठी उगारली आणि आत बोट दाखवलं. तो जवळ येऊन कुजबुजला, "बहू बोल रही और सास चुप? कौन सी दवा खाई, अम्मा?" मला हसू आलं, ते पदरात दाबलं.

धडा पास झाला. पुढचेही तिलाच मिळाले.

माझं मात्र बिघडलं. बागेतून आल्यापासून मला माग ऐकू येतात. दुपारी डोळा लागत नाही. परवा मी कुरकुर केली, तर गोधड्यांच्या घड्या घालत सून म्हणाली, "होईल सवय, आई. नखरे कमी करा."