सुनंदाकाकूंचं नको नको

"नो नो, नो नीड," सुनंदाकाकू स्पीकरफोनवर हसतमुखाने म्हणाल्या आणि मी कपाळाला हात लावला.

अमेरिकेत ईडन प्रेरीतल्या एका छोट्या कंपनीत मी एचआर बघते. काकू पॅकिंगला आहेत. ऑर्डर घटल्या आणि वरच्यांनी पॅकिंगवाल्यांचं काम आठवड्याला पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आणलं. बेरोजगार भत्ता फक्त नोकरी गेलेल्यांनाच मिळतो, असं पुष्कळांना वाटतं. पण कंपनीने तास कमी केले तरी स्टेटकडून, म्हणजे राज्य सरकारकडून, थोडीफार भरपाई मिळू शकते. तिला पार्शल अनएम्प्लॉयमेंट म्हणतात. मात्र जास्त काम मिळालं तर ते करायची तयारी हवी.

क्लेम करायला मीच काकूंच्या मागे लागले होते. भरपाई नाही मिळाली तर अपार्टमेंट सोडून त्यांना बेलव्ह्यूला मुलाकडे जावं लागणार होतं. "सून गुणाची आहे गं मेधा, पण आपलं घर ते आपलं घर," त्या म्हणायच्या.

खात्री करायला स्टेटच्या ऑफिसमधून फोन आला तेव्हा काकूंनी मला शेजारी बसवून घेतलं. पुन्हा पाच दिवस काम मिळालं तर कराल का, असं तिथल्या बाईंनी विचारलं. त्यावर काकूंचं हे उत्तर. वर आणखी, "थ्री डेज इज एनफ. आय ॲम व्हेरी हॅपी."

"म्हणजे तुम्हाला जास्त काम नकोय," बाई म्हणाल्या. पलीकडून टाइप केल्याचा आवाज यायला लागला.

मी मराठीत विचारलं, "काकू, खरंच नकोय?"

"नको कशाला होईल? पण पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं, हावरटासारखं? विचारेल की परत."

"अहो, ती पंगतीत वाढायला नाही आलेली. आग्रह नाही करणार. खरं काय ते आत्ताच सांगा."

काकूंचा चेहरा उतरला. मी बाईंना सांगितलं, आमच्यात कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायची पद्धत आहे. प्लीज, एकदा परत विचारा. बाई हसल्या आणि त्यांनी प्रश्न पुन्हा सुरू केला. तो संपायच्या आत काकू म्हणाल्या, "येस. फाइव्ह डेज. सिक्स ऑल्सो."

क्लेम पास झाला. काकू स्वतःच्या घरात राहिल्या, आणि मला फार बरं वाटलं. त्या खुशीत त्यांनी मला जेवायला बोलावलं. दुसऱ्यांदा श्रीखंड वाढायला आल्या तेव्हा मी सवयीने म्हटलं, "नको काकू, पुरे."

"बरं," म्हणाल्या आणि भांडं आत घेऊन गेल्या.

तेव्हापासून माझा सगळ्यांना एकच सल्ला असतो. स्टेटच्या फोनवर आणि काकूंच्या पानावर पहिल्यांदाच हो म्हणावं.